हौसेचा धूर

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. जुनी डिझेल हॅचबॅक घेऊन ती नव्यासारखी करण्याची हौस मात्र तुलनेने स्वस्तातली आहे. पंधरा-अठरा वर्षे चाललेली गाडी पडत्या भावात मिळते. मग दर रविवारी थोडे पत्र्याचे काम, थोडे इंजिनाचे, जुन्या बाजारातून शोधून आणलेला एखादा दिवा किंवा दाराची मूठ, असे करत करत ती पुन्हा रस्त्यावर येते. महाराष्ट्राला या गाड्यांचे ममत्व थोडे जास्त असावे, हेही स्वाभाविक आहे. १९९८ च्या डिसेंबरमध्ये आलेली टाटा इंडिका ही पिंपरी-चिंचवडची लेक. २००७ मध्ये स्विफ्टला मिळालेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मूळ फियाटच्या रचनेचे. त्याच घराण्यातली इंजिने पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होऊन पुंटो आणि इंडिका व्हिस्टातही बसली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष देशभर लागू झाले आणि लहान डिझेल गाड्यांचा तो काळ जवळपास संपला. ज्यांना त्या इंजिनाची ओढ आहे, त्यांना जुनी गाडी जपण्यावाचून मार्ग नाही.

वैद्यकीय दृष्टीने या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. उलट, निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला हाताला काम, डोक्याला कोडे आणि बोलायला चार समानधर्मी मित्र मिळत असतील तर ते हवेच आहे. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. छंद असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. हा निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे छंदानेच नैराश्य टळते असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

प्रश्न हौसेचा नाही, ‘अपग्रेड’ या शब्दाच्या अर्थाचा आहे. गाडी मूळ स्थितीत आली की पुढचा मोह असतो ताकदीचा. इंजिन चालवणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलायची, म्हणजे ‘रीमॅप’ करायचे. ईजीआर झडप पत्री लावून बंद करायची. कॅटकॉन काढून तिथे सरळ नळी जोडायची. या तिन्ही कामांना गॅरेजमध्ये आज ‘अपग्रेड’ म्हणतात. चालकाला त्यातून थोडा जोर मिळतो. मागे उरते ते शेजाऱ्यांच्या वाट्याला येते.

डिझेल इंजिनाचे गणित साधे आहे. जाळलेल्या डिझेलच्या प्रमाणात पुरेशी हवा मिळाली तर इंधन नीट जळते. हवा कमी पडली की अर्धवट जळून काजळी होते. स्वस्तातल्या रीमॅपमध्ये बहुधा डिझेल वाढवले जाते, हवा तेवढीच राहते. ७५ अश्वशक्तीच्या त्या छोट्या इंजिनातून ९० अश्वशक्ती कंपनीनेही काढली होती. पण त्यासाठी नुसते डिझेल ओतले नाही. बदलत्या भूमितीचा टर्बो बसवून हवेची सोय आधी केली. ‘गाडी आता ओढते’ असे कौतुकाने सांगताना चढावर मागे काळा लोट सोडणारी गाडी ही सुधारलेली गाडी नाही. ती अर्धपोटी हवेवर राबवलेली गाडी आहे.

त्या काळ्या लोटात काय असते? डिझेलच्या काजळीचे बहुसंख्य कण एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. नाकातले केस, घशातला चिकट थर यांना चुकवून ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांच्या पृष्ठभागावर कर्करोगकारक रसायने चिकटलेली असतात. काजळी आणि कर्करोग यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांमध्ये ते दाखवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये डिझेलचा धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवला आणि जून २०१२ मध्ये ‘बहुधा’ हा शब्द काढून त्याला पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत.

कर्करोगाला वर्षे लागतात; हृदयाला तेवढा वेळ लागत नाही. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रयोगात, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पण प्रकृती स्थिर असलेल्या २० पुरुषांना एकदा तासभर विरळ केलेला डिझेलचा धूर आणि एकदा गाळलेली हवा देण्यात आली. अधूनमधून ते व्यायामाची सायकल चालवत होते. धुराच्या वेळी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याची ईसीजीवरील खूण अधिक ठळक होती आणि रक्ताची गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमताही घटली होती. धुराचे प्रमाण गजबजलेल्या रस्त्यावर आढळते तेवढेच ठेवले होते. सकाळी फिरायला निघालेले, अँजिओप्लास्टी झालेले आजोबा आणि सिग्नलला उभी असलेली धूर ओकणारी गाडी यांच्यात असा थेट संबंध आहे. दम्याच्या मुलांबद्दल तर वेगळे सांगायला नको. हवेतील सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. या हवेत आणखी भर घालण्याचा हक्क कोणाच्याच हौसेला नाही.

यावर हौशी मंडळींचे एक उत्तर असते: ईजीआरमुळे इंजिनात कार्बन साचतो, म्हणून ते बंद केले. ही तक्रार खोटी नाही. ईजीआर जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घेते आणि त्याबरोबर काजळीही येते. पण त्यामुळेच ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. ती श्वासनलिकांचा दाह करतात, उन्हात ओझोन तयार होण्यास हातभार लावतात आणि हवेत पुन्हा सूक्ष्म कणांचे रूप घेतात. ईजीआर घाण झाली तर ती काढून साफ करावी, खराब झाली तर बदलावी. मूत्रपिंडात खडा झाला म्हणून कोणी मूत्रपिंड बांधून टाकत नाही. कॅटकॉनचेही तसेच. तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेली हायड्रोकार्बने आणि कणांवर चिकटलेला तेलकट भाग जाळतो. काजळी अडवणारा फिल्टर आपल्याकडच्या डिझेल मोटारींत सर्रास आला तो बीएस-६ बरोबर. त्याआधीच्या या हॅचबॅकमध्ये तो नाही. म्हणजे ईजीआर, कॅटकॉन आणि नीट ज्वलन एवढेच त्यांचे संरक्षण. तेही काढले तर काय उरले?

खरे तर जीर्णोद्धार नीट झाला तर धूर आपोआप घटतो. धुराचा रंग हे इंजिनाचे निदानच असते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला टर्बोचा पाइप, झिजलेले इंजेक्टर. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे: पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची सील किंवा टर्बोची सील गेली. इंजिन तापल्यावरही सुटत राहणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ, नाहीतर हेड गॅस्केटमधून झिरपणारे कूलंट. रंगकामावर हजारो रुपये खर्च करण्याआधी इंजेक्टर चाचणीसाठी पाठवले, हवेची गळती शोधली, कॉम्प्रेशन तपासले तर गाडी जोर धरते, डिझेल वाचते आणि मागच्या स्कूटरवाल्याला नाकाला रुमाल लावावा लागत नाही.

या धुराइतकाच धोका हौशी माणसाच्या स्वतःच्या शरीरालाही आहे, आणि तो बहुतेक वेळा टाळता येण्याजोगा असतो. टाकीतले डिझेल नळी तोंडात धरून ओढणे ही आपल्याकडची जुनी खोड. एक घोट श्वासनलिकेत गेला तर डिझेल फुप्फुसात पसरून तीव्र दाह होतो. खोकला, धाप आणि ताप काही तासांत सुरू होतात. अशा वेळी मीठ-पाणी पाजून उलटी करवणे घातक, कारण उलटीबरोबर डिझेल पुन्हा फुप्फुसात उतरू शकते. हातपंप फार महाग नसतो, तो वापरावा.

कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे पटींपर्यंत जातो. चालू इंजिनाची गळती बोटाने चाचपली तर ती धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर दिसतो तो सुई टोचल्यासारखा ठिपका, दुखतेही थोडेच. आत मात्र डिझेल बोटभर पसरत असते. अशी जखम मलमपट्टीची नव्हे, तातडीच्या शस्त्रक्रियेची असते आणि तासागणिक बोट गमावण्याची शक्यता वाढते. गळती पाहायची तर पुठ्ठा धरून, आणि टोचल्याचा संशय आला तर लगेच रुग्णालयात जाऊन ‘दाबाखालचे डिझेल आत गेले’ असे स्पष्ट सांगावे.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडून हवेच्या दाबाने धूळ उडवली की त्याचे तंतू श्वासात जातात आणि आजार दिसतो तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी, नवे लायनिंग ॲस्बेस्टॉस-विरहित असल्याची खात्री करून घ्यावे. वापरलेले इंजिन ऑइल हातावर तासन् तास राहू देऊ नये. हातमोजे घालावेत आणि हात डिझेल-रॉकेलने नव्हे, साबणाने धुवावेत. कूलंट चवीला गोडसर पण विषारी असते, म्हणून ते पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. घरात मुले असतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली भक्कम स्टँड हवेतच. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. ग्राइंडर चालवताना चष्मा नव्हे, गॉगल लावावा. आणि शेवटची धनुर्वाताची लस दहा वर्षांपूर्वीची असेल तर पुढची घेऊन टाकावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

मग अपग्रेड करूच नये का? जरूर करावे, फक्त क्रम बदलावा. पहिला पैसा ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. दुसरा टायरवर. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. तिसरा सीटबेल्टवर, मागच्या सीटसह. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या असंख्य हॅचबॅकमध्ये ती नाही आणि नंतर बसवताही येत नाही. २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक-चाचण्यांत एअरबॅग नसलेल्या लोकप्रिय भारतीय हॅचबॅकना शून्य तारे मिळाले होते. अशा गाडीत अधिक वेग भरणे म्हणजे मोडक्या कठड्याच्या गच्चीवर पतंग उडवण्यासारखे आहे.

कायदा याबाबत मोघम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले आहे. पळवाट आहे ती तपासणीत. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची रेस वाढवून धुराची फक्त अपारदर्शकता मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. म्हणून ईजीआर बंद केलेली गाडीही प्रमाणपत्र मिळवू शकते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीसाठी न्यावीच लागते. त्या वेळी ईजीआर आणि कॅटकॉन जागेवर आहेत का, एवढे डोळ्यांनी पाहण्याला नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. परिवहन विभागाने ते तपासणीच्या यादीत घालावे.

त्याहून मोठी जबाबदारी मात्र हौशी मंडळींची आणि त्यांच्या मेकॅनिकांची आहे. जुन्या मोटारींच्या जाणकारांत गाडी जितकी मूळ रूपात तितका तिचा मान मोठा. एखादा बिल्ला, एखादे बटण मूळचे मिळावे म्हणून माणसे महिनोन् महिने थांबतात. मग सायलेन्सरच्या अलीकडे बसलेला तो बेढब डबाही मूळचाच भाग आहे, हे का विसरायचे? कॅटकॉन काढलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी तिचा जीर्णोद्धार अपुराच. इंजिन सुरू करून तिच्या मागे दोन मिनिटे उभे राहावे. मालकाला स्वतःच्या नातवाला तिथे उभे करता येत नसेल, तर काम अजून संपलेले नाही.