पसंतीक्रम कटऑफच्या धाकात नको

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो: एवढ्या पर्सेंटाइलवर सीओईपी मिळेल का? 1854 साली सुरू झालेली पुण्याची ही अभियांत्रिकी संस्था 2022 च्या कायद्याने राज्याचे तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. सीईटीच्या जागा राज्यस्तरीय असल्याने गडचिरोलीची मुलगी आणि पुण्याचा मुलगा तिथे एकाच रांगेत असतात. प्रश्न रास्तच आहे. पण त्याचे उत्तर गेल्या वर्षीच्या कटऑफवरून काढले जाते आणि त्या आकड्याला भिऊन मुले हवी असलेली शाखा पसंतीक्रमात खाली ढकलतात, कित्येकदा भरतच नाहीत. हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे.

पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा. पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक मुले बसतात. त्यात 99 पर्सेंटाइलच्या मुलापुढे चार हजारांच्या आसपास मुले असतात, तर 99.9 च्या मुलापुढे चारशेच्या आसपास. दशांशचिन्हापुढच्या एका आकड्यात साडेतीन हजार मुले मावतात! म्हणून कटऑफच्या यादीत आधी गुणवत्ता क्रमांक पाहावा. खुल्या प्रवर्गाच्या ‘जीओपीईएनएस’ या रकान्यात तो वर छापलेला असतो, पर्सेंटाइल त्याखाली कंसात. शेवटचा ‘एस’ राज्यस्तरीय जागेचा. तो क्रमांक त्या शाखेत शेवटची जागा मिळालेल्या विद्यार्थ्याचा असतो, कोणी आधी आखलेली रेषा नव्हे. पुढच्या किती मुलांनी आयआयटीची वाट धरली, किती जागा वाढल्या, यावर तो दरवर्षी हलतो. एकाच वर्षात फेरीगणिकही सरकतो.

‘मग अंदाजाला दुसरे काय आहे?’ असे पालक विचारतील. कटऑफ जरूर पाहावा, पण यादीचा खालचा भाग भक्कम करण्यासाठी. जागावाटप गुणवत्ताक्रमाने होते: प्रत्येकाची यादी वरून खाली तपासली जाते, जी जागा उरली नसेल ती ओलांडून पुढची पाहिली जाते. सीओईपी पहिल्या क्रमांकावर टाकल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2025 मध्ये पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला तर तो घेणे बंधनकारक होते. पण त्यामुळेच हे पर्याय मनापासूनचे हवेत. ‘मिळेल ते’ वर टाकणारा विद्यार्थी पहिल्याच फेरीत नको त्या जागेवर अडकतो.

एवढे समजून घ्यायला खासगी समुपदेशकाचे हजारो रुपयांचे शुल्क भरावे लागू नये. गणिताच्या चुकीच्या प्रश्नांमुळे 2025 मध्ये 27 एप्रिलच्या एका सत्राची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली होती. विश्वासाला तेव्हा बसलेला धक्का मोकळ्या माहितीनेच भरून निघेल. सीईटी कक्षाने तीन वर्षांचे शेवटचे गुणवत्ता क्रमांक फेरीनिहाय, प्रवर्गनिहाय आणि सोप्या मराठीत द्यावेत, आणि प्रत्येक सुविधा केंद्रावर ते समजावून सांगणारा माणूस बसवावा. विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच: अर्ज निश्चित करण्यापूर्वी पहिले सहा पर्याय पुन्हा वाचा, आणि केवळ भीतीने एखादी शाखा खाली गेली असेल तर ती वर घ्या.