अंगणातील तरवड

वैशाखात घागरभर पाणीही जपून वापरावे लागते, अशा घाटंजीसारख्या गावी नाजूक विलायती रोपे अंगणात जगविण्याचा हव्यास कशासाठी? बांधावरचा तरवड मात्र आपणांस दिसत नाही. पुरुषभर उंची, सोनपिवळ्या फुलांचे घोस. शेळ्याही त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. तरोट्याचाच हा आप्त. पण तरोटा पावसाळ्यापुरता, हा वर्षानुवर्षांचा. त्याची साल चामडे कमावण्यास लागते. एवढ्यावरूनच तो घरंदाज बागेतून बाद झाला काय? पैनगंगेपलीकडे तेलंगणात बतुकम्मेच्या सणात याच फुलास मान आहे, आणि २०१४ साली ते त्या राज्याचे राज्यपुष्पही ठरले. बी टणक असते. गरम पाण्यात रात्रभर भिजवून मृगाच्या पावसानंतर कायमच्या जागीच पेरावे. पहिल्या उन्हाळ्यात थोडे पाणी द्यावे, पुढे बहुधा तेही लागत नाही.