नकट्याला सतराशे विघ्नं

कुत्रं पाळावं की नाही, याबद्दल माझा कुणाशीच वाद नाही. माझा वाद आहे तो बिननाकाचं कुत्रं विकत आणण्याशी.

उसाचं बिल जमा झालं की आमच्या सणसरमध्ये पूर्वी मोटारसायकल यायची. आता पग येतो. २००३ साली हचच्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागं मागं धावला आणि सगळ्या देशाला नकट्या नाकाचं वेड लागलं. पुढं हच गेलं, व्होडाफोन आलं, त्याचंही नाव बदललं. पग मात्र धापा टाकतोच आहे.

लोक कौतुकानं म्हणतात, "किती गोड घोरतो हो!" अहो, श्वासासाठी झगडतोय तो! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. पगाचं नाक माणसानं हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेलं. घशातलं मांस मात्र तेवढंच राहिलं. मग हवा शिरणार कुठून? त्यात आमच्याकडचा मे महिना! नेदरलँड्सची हवा थंड, तरी तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास थांबवण्याचा दंडक घातला.

दर्शनी मूल्यावर भुलू नये, हे आम्ही कॉमर्सवाले पहिल्या वर्षालाच शिकतो. पगाची खरेदी मात्र निव्वळ दर्शनी मूल्यावर! पुढचा खर्च कुणी मांडतच नाही. तोंडावरच्या सुरकुत्या पुसून कोरड्या ठेवायच्या, बटबटीत डोळे जपायचे, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा बांधायचा, फिरवून आणायचं ते ऊन तापायच्या आत. आणि वजन वाढू द्यायचं नाही. इथंच घोडं पेंड खातं. आजी पेढा भरवते, आजोबा भजं. "एवढ्याशानं काय होतंय?" होतंय, आजी! आधीच अरुंद वाट, त्यात चरबीचं अतिक्रमण.

"मग कुत्रं पाळूच नये का?" जरूर पाळा! शेजारी काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या मेंढ्या वर्षभर राखणारं कुत्रं कुणी दुकानातून आणत नाही. तुमच्या गल्लीतलं पिल्लूही फुकटच मिळेल, आणि वर ऐटबाज नाकासकट!

घरात आलेल्या पगाला मात्र जिवापाड जपा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? फक्त दुसरा आणू नका. मागणी घटली की पुरवठा घटतो, हेही कॉमर्सच आहे.