बिघडलेला प्रयोग फेकू नका

संक्रांतीला तिळगूळ द्यायला माझी भाची निगडीहून आली, ती तोंडाला ओढणी गुंडाळूनच. नववीत शिकणारी ही मुलगी एरवी बडबडी. त्या दिवशी मात्र कोपऱ्यात गप्प बसून राहिली. खोदून विचारल्यावर तिने ओढणी बाजूला केली. कपाळ आणि दोन्ही गाल पुटकुळ्यांनी भरले होते. थंडीत त्वचा फुटते म्हणून तिने डिसेंबरात घरीच क्रीम बनवले होते. खोबरेल तेल, मधमाश्यांचे मेण, कुंडीतल्या कोरफडीचा गर, गुलाबपाणी आणि वरून लिंबाचे थेंब.

"मामा, सगळं घरचंच तर होतं! मग बाधलं कसं?"

घरात प्रत्येकाजवळ उत्तर तयार होते. आजी म्हणाली, उष्णता झाली. आई म्हणाली, वडापाव बंद कर. मैत्रिणीने टाकीच्या पाण्याला दोष दिला. घाबरलेल्या मुलीने एकाच आठवड्यात लिंबू वगळले, कोरफड टाकून दिली, साबण बदलला, तळलेले खाणे सोडले आणि क्रीमही निम्मे केले. महिन्याभराने चेहरा निवळला. मी विचारले, "कशामुळे बरं वाटलं?" ती म्हणाली, "काय माहीत!"

विद्यार्थी मित्रहो, या "काय माहीत" विषयीच मला लिहायचे आहे. चेहरा बरा झाला, पण ज्ञान मात्र शून्य मिळाले. पुढच्या थंडीत ती पुन्हा तेच क्रीम बनवील आणि पुन्हा तिथेच येऊन अडकेल.

याच मुलीचा थोरला भाऊ चाकणला एका मोटार कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करतो. रंगवलेल्या पत्र्यावर कधी कधी बारीक खड्डे पडतात. सिलिकोनचा सूक्ष्म कण पत्र्यावर पडला, की त्या जागी पृष्ठताण कमी होतो आणि ओला रंग तिथून आजूबाजूला ओढला जातो. म्हणून अशा विभागांत कामगारांना काही क्रीमे आणि केसांची प्रसाधने लावून येण्याची मनाई असते. खड्डा दिसला म्हणून तिथे कोणी रंग, हवा, पत्रा आणि माणसे एकदम बदलत नाही. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, काय झाले ते लिहायचे आणि मगच पुढची बदलायची. भाऊ कारखान्यात रोज जे करतो, ते बहिणीला शाळेत कोणी शिकवले नाही.

आता हीच रीत क्रीमला लावून पाहू. पहिला साक्षीदार म्हणजे काळ. क्रीम लावल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत आग झाली, तर त्वचेला काहीतरी झोंबले असे समजावे. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचेचा सुमारे ५. सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दसपटीची असते, म्हणजे हा फरक हजारपटीचा झाला. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक गरात मिसळला, तर त्यानेही खाज सुटू शकते. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल, तर खाज आणि लाली बहुधा एकदोन दिवसांनी दिसते. तेलामेणाने रंध्रे बुजून येणारे मुरूम मात्र आठवड्यांनी उगवतात. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्यांच्या हातांवर, कटिंग ऑइलने भिजलेल्या बाह्या जिथे घासतात तिथे, अशाच पुटकुळ्या येतात. डॉक्टरांना हा विकार चांगला परिचित आहे.

दुसरा साक्षीदार बरणी. तेल आणि पाणी नुसते ढवळून एकजीव राहत नाहीत, आणि एकटे मेणही त्यांना फार काळ बांधून ठेवू शकत नाही. त्यातून खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. जानेवारीच्या सकाळी या बरणीत वर घट्ट तेल आणि तळाशी लिंबाचे पाणी असेल, तर एके दिवशी बोटाला नुसते तेल लागणार आणि दुसऱ्या दिवशी नुसते आम्ल. रोजचे माप सारखे नसेल, तर निष्कर्ष तरी कसा काढणार?

तिसरा साक्षीदार डोळ्यांना दिसत नाही. गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर यांत भरपूर पाणी असते. त्यात ओले बोट रोज बुडवले आणि बरणी न्हाणीघरात ठेवली, की जंतूंची सोय झाली. याबाबतीत पिंपरीकरांना दूर जायला नको. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. पेनिसिलिन देणारी बुरशी टाक्यांत वाढवताना हवा, पाणी, नळ्या सारे निर्जंतुक ठेवावे लागते, कारण पेनिसिलिनचा नाश करणारे जीवाणू आत शिरले तर सगळी टाकी वाया जाते. "घरचे" म्हणजे "शुद्ध" असे जे आपण समजतो, ते कोणत्याही टाकीला मान्य नाही.

चौथी शक्यता अशी, की क्रीम निर्दोषच असेल. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीरातील संप्रेरकांमुळे मुरूम तसेही येतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढेच!

मग खरे कारण कसे शोधायचे? इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, चेहरा ही प्रयोगशाळा नव्हे. सर्व लेप थांबवून त्वचा शांत होऊ द्यावी. पू, सूज, ताप असेल किंवा डोळ्याजवळ त्रास असेल, तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. तपासणी करायची ती बरणीची. लिटमस लावा, थर वेगळे होतात का पाहा, वास आणि रंग रोज टिपून ठेवा. नवा लेप आधी मोठ्यांच्या देखरेखीखाली कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून काही दिवस पाहावा. मात्र ही चाचणी आग आणि ॲलर्जी ओळखते, आठवड्यांनी येणारे मुरूम ओळखत नाही, हेही वहीत लिहावे.

शिक्षकमित्रांना माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या महाविद्यालयात लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य जवळजवळ प्रत्येक वहीत नेमके ९८० येते. पुणे परिसरात ते सेकंदवर्गाला सुमारे ९७८ सेंटिमीटर आहे, आणि दोऱ्याच्या लंबकाने मोजताना काहींचे ९६० तर काहींचे ९९५ यायला हवे. मुले उत्तरावरून निरीक्षणे लिहितात, कारण चुकलेल्या प्रयोगाला आपण गुण देत नाही. विज्ञान प्रदर्शनातही "यशस्वी" क्रीमचीच बरणी मांडली जाते, पुटकुळ्या आणणारी घरीच राहते.

१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या जीवाणूंच्या बशीवर बुरशी आली, म्हणजे प्रयोग बिघडलाच होता. त्यांनी ती बशी फेकण्यापूर्वी नीट पाहिली, म्हणून पुढे पिंपरीत कारखाना उभा राहिला. प्रत्येक बिघडलेल्या बरणीतून पेनिसिलिन निघणार नाही, हे उघड आहे. पण "काय माहीत" च्या जागी "हे नक्की नव्हे" एवढे जरी लिहिता आले, तरी तो विज्ञानाचा पहिला धडा होय. अशा वहीला प्रदर्शनात एक टेबल आणि परीक्षेत चार गुण द्यायला काय हरकत आहे?

भाचीने आता वही घातली आहे. पहिल्याच पानावर तिने लिहिले आहे: "एका वेळी पाच गोष्टी बदलल्या. चूक."