पाय पुढे की पाय खाली?

पुढे वाचण्यापूर्वी एक साधी खुर्ची ओढून घ्या. पाठ ताठ ठेवून तिच्यावर बसा, पावले गुडघ्यांच्या खाली किंवा किंचित मागे ठेवा, हातांची घडी घाला आणि उठा. उठता आले ना? आता पुन्हा बसा. या वेळी पाय लांब पुढे पसरा, टाचा जमिनीवर टेकवा, हातांची घडी तशीच राहू द्या, आणि उठण्याचा प्रयत्न करा. कितीही जोर लावा, उठता येणार नाही. फार जोर लावलात तर खुर्चीच मागे सरकेल.

कारण तुम्ही शाळेत शिकला आहात. शरीर पायांवर तोलायचे तर त्याचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर यावा लागतो. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. पावले जवळ असली की थोडे पुढे झुकून तो त्यांच्यावर आणता येतो. पहिल्या वेळी उठताना तुम्ही नकळत पुढे झुकलाच असाल, पुन्हा करून पाहा. पावले दूर गेली की कितीही झुकलात तरी तो तिथवर पोहोचत नाही.

गेल्या महिन्यात हाच प्रयोग मी माझ्या भाच्याला करायला लावला. तो नुकताच नोकरीला लागला आहे आणि त्याला क्रूझर जातीची मोटारसायकल घ्यायची आहे. खाली आणलेली सीट, उंच हँडल आणि ऐसपैस बैठक असलेली. त्याचा प्रश्न होता, "मामा, फॉरवर्ड कंट्रोल घेऊ की मिड?" फॉरवर्ड म्हणजे फूटरेस्ट, गिअर आणि पायातला ब्रेक सीटच्या बरेच पुढे, पाय जवळजवळ पसरलेले. मिड म्हणजे ते सारे साधारण गुडघ्यांच्या खाली. तुम्हाला गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. पण घरातला दादा किंवा काका आज ना उद्या हा प्रश्न घेऊन येईल, आणि तेव्हा त्याला खुर्ची आणून देणारे कोणी तरी असावे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या रस्त्यांवर मिड घ्यावे.

हे मत मला पुस्तकातून मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राची पाय पुढे असलेली मोटारसायकल घेऊन मी कऱ्हाडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात पावसाच्या पाण्याने भरलेला एक खड्डा समोर आला. तो मला दिसला होता, हे लक्षात ठेवा. माझ्या नेहमीच्या गाडीवर मी करतो तेच केले, फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून उठू गेलो. पण पाय पुढे होते. जोर दिल्याबरोबर शरीर वर जाण्याऐवजी मागे रेटले गेले, तोल सावरायला मी हँडल ओढले आणि पुढचे चाक वेडेवाकडे हलले. पडलो नाही, ते नशीब. पण खड्ड्याचा सारा धक्का माकडहाडाने घेतला, आणि त्यानंतर तीन आठवडे मी स्टाफरूममध्ये चहासुद्धा उभ्याने प्यायलो.

त्या धक्क्याचा हिशेब करू. खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर चाक आपटले आणि सीट दर सेकंदाला १ मीटर वेगाने वर आली, असे धरा. कमरेच्या वरचा भाग आणि मांड्या मिळून ५० किलोग्रॅम वस्तुमान धरू. त्याला तो वेग द्यायचा तर ऊर्जा लागते ½ × ५० × १ × १, म्हणजे २५ ज्यूल. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. हे काम सीटच्या स्पंजात आणि शरीरात मिळून अवघ्या २ सेंटिमीटरमध्ये उरकले, तर सरासरी बल येते १२५० न्यूटन, म्हणजे सुमारे सव्वाशे किलोचे ओझे क्षणभर मणक्यांवर. तेच काम वाकलेल्या गुडघ्यांनी १० सेंटिमीटरमध्ये केले तर बल २५० न्यूटन, पंचवीस किलोच्या पोत्याइतके. आकडे मी सोयीसाठी सोपे घेतले आहेत, पण पाचपटीचा फरक अंतरातून आला आहे. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता, तेच इथे गुडघे करतात.

आणि क्रूझरवर गुडघ्यांची गरज जास्तच असते. सीट खाली आणायची म्हणून मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला हालचालीसाठी बहुधा जागा थोडीच उरते. गाडीची स्प्रिंग आखूड, आणि वर आपण स्वतःची स्प्रिंगही, म्हणजे पाय, लांब पसरून निकामी करायची!

मग कोणी पाय पुढे का काढले असतील? हे अमेरिकेत घडले. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी लोक जड मोटारसायकलींचे नको ते भाग कापून काढू लागले, पुढचा फोर्क लांब करू लागले. अशा गाडीला चॉपर म्हणतात. १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने ती जगभर पोहोचवली. मिलवॉकी शहरात १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने लोकांची ही आवड हेरून १९८० साली वाइड ग्लाइड ही गाडी आणली, ती कारखान्यातूनच पाय पुढे घेऊन आली. तिकडे शेकडो मैल सरळ, सपाट रस्ते आहेत. तासन्‌तास एकाच स्थितीत बसायचे तर गुडघा मोकळा, सैल असलेला बरा. तिथे ते शहाणपणाचेच आहे. आपल्याकडे तसा रस्ता म्हणजे पुणे-मुंबई द्रुतगती महामार्ग, आणि मौज अशी की त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही.

तरी त्या सरळ रस्त्यावरही एक अडचण आहे, वाऱ्याची. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ताठ बसलेल्या माणसावर या वेगाला हवेचा रोध अंदाजे १५० न्यूटन येतो, छातीवर कोणी पंधरा किलोच्या जोराने मागे ढकलत असल्यासारखा. पाय खाली असतील तर फूटरेस्टचा आधार घेऊन कमरेतून पुढे झुकता येते आणि स्वतःचे वजनच वाऱ्याविरुद्ध वापरता येते. पाय पुढे असतील तर फूटरेस्ट दाबल्यावर आपण आणखीच मागे जातो (न्यूटनचा तिसरा नियम), आणि सारा भार हातांवर व खांद्यांवर येतो. उलट, जोरात ब्रेक मारताना जडत्वाने शरीर पुढे जाते, तेव्हा पुढे रोवलेले पाय उत्तम टेकू देतात. हे श्रेय फॉरवर्डला दिलेच पाहिजे.

गाड्यांवर गप्पा मारणारे आणखी एक कारण हमखास देतात. पाय पुढे गेले की गाडीचा तोल बदलतो म्हणे. पाहू या. ६५ किलोच्या माणसाच्या दोन्ही पायांचे गुडघ्याखालचे वस्तुमान सुमारे ८ किलो. ते ३० सेंटिमीटर पुढे सरकले. गाडी २५० किलोची धरली तर एकूण ३१५ किलो. ८ × ३० भागिले ३१५ केले की पाऊण सेंटिमीटर येते. मांड्याही थोड्या सरकतात, म्हणून एक सेंटिमीटर म्हणू. एवढ्याने तोल बदलत नाही. बदलतो तो माणूस आणि गाडी यांच्यातला संबंध.

कंपन्यांनाही एकच उत्तर मान्य नाही. हार्लेच्या एकाच घराण्यातली २००९ सालची आयर्न ८८३ मिड कंट्रोलची होती आणि २०१० सालची फोर्टी-एट फॉरवर्डची. २०२१ साली आलेल्या स्पोर्टस्टर एसला तर फॉरवर्ड कंट्रोल बसवून दिले आणि मिडचा संच वेगळा विकायला ठेवला. आपल्याकडे २००५ साली आलेली बजाज ॲव्हेंजर आणि २०२० सालची रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० या दोन्ही पाय पुढे घेणाऱ्या, तर २०२३ सालची हार्ले एक्स ४४० मिडची. अर्थात सगळ्यांचे 'पुढे' सारखे नसते. कुठे चार बोटे पुढे, कुठे पाय पूर्ण ताणलेला. प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मताला माझ्याच घरात एक अपवाद आहे. माझ्या थोरल्या बंधूंचा उजवा गुडघा जुन्या दुखापतीमुळे फारसा वाकत नाही. मिडच्या गाडीवर सीट खाली आणि फूटरेस्ट जवळ, त्यामुळे गुडघा चांगलाच दुमडतो. अर्ध्या तासात त्यांना उतरून उभे राहावे लागते. पाय पुढे असलेल्या गाडीवर ते आरामात कोल्हापूरला जाऊन येतात. खड्डा आला की अगदी हळू होतात. त्यांना मी मिड घ्या म्हणून सांगितले तर ते शास्त्र नव्हे, हट्ट होईल. उंच माणसाचेही थोडेफार असेच. मात्र बेताच्या उंचीच्या माणसाला फॉरवर्डवर पोहोचण्यासाठी सीटवर पुढे घसरून बसावे लागते, आणि ब्रेकवर पूर्ण तळवा न येता बोटांची टोके टेकतात. ते मला मुळीच पसंत नाही.

त्याहून नापसंत म्हणजे गॅरेजमध्ये पट्टी वेल्ड करून फूटरेस्ट पुढे काढणे. पायातला ब्रेक ही तरफ आहे. तिच्या भुजांचे प्रमाण कारखान्यात मोजून ठरवलेले असते. मध्ये लांब दांडा घातला की तो वाकतो, सांध्यांत ढिलाई येते, आणि पायाने दिलेल्या जोरातला काही भाग ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही.

भाच्याने खुर्चीवरचा प्रयोग तीनदा केला. मग म्हणाला, "मामा, पटले. पण पाय पुढे असले की गाडीवर दिसायला कसे झकास वाटते!" त्यावर माझ्याकडे सूत्र नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे शोरूममध्ये जाणार आहोत. तिथल्या माणसाला मी आधीच विचारून ठेवले आहे, की समोरच्या गुळगुळीत रस्त्याऐवजी मागच्या गल्लीतून, जिथे पाइपलाइनसाठी खणून ठेवले आहे, तिथून दोन्ही गाड्या चालवून बघायला देणार का?