कुलूप विकत, किल्ली फुकट!

23 नोव्हेंबर 2022 रोजी सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयात केसपेपर पुन्हा हाताने लिहिले जाऊ लागले. पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट माहिती हल्लेखोरांच्या मुठीत गेली. पुढे सरकारने संसदेत कारण सांगितले: नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. म्हणजे ओसरीवर शिरलेला चोर माजघरापर्यंत मोकळा फिरला, कारण मधली दारे कोणी बसवलीच नव्हती! आणि ती यंत्रणा एम्स स्वतःच सांभाळत होती.

हे नीट ध्यानात घ्या. ‘क्लाउड नको, माहिती आपल्याच आवारात बरी’ असे म्हणणारे डीन आणि अधीक्षक आजही पायलीला पन्नास मिळतात. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत ठेवला म्हणून तो सोवळ्यात राहत नाही. 2019 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने इंटरनेटवर उघडे पडलेले रेडिओलॉजीचे सर्व्हर जगभर शोधले. एक्स-रे, सीटी, एमआरआय, सोबत रुग्णाचे नाव आणि जन्मतारीख. मध्ये पासवर्डचासुद्धा अडसर नाही. भारतातल्या अशा प्रतिमा बारा कोटींहून अधिक निघाल्या आणि राज्यांच्या यादीत पहिला नंबर कोणाचा? आपल्या पुरोगामी महाराष्ट्राचा!

चव्हाट्यावर येते ते कोणाचे? मंत्र्यांचे नव्हे. एचआयव्हीच्या एआरटी केंद्रावरून महिन्याची औषधे नेणाऱ्या मजुराचे. गर्भपात करून घेतलेल्या मुलीचे, जिच्या सोयरिकीची बोलणी उद्या व्हायची आहेत. मनोविकाराच्या गोळ्या घेणाऱ्या शिक्षकाचे. ज्या समाजात क्षयरोग्याचे ताट अजून वेगळे मांडले जाते, तिथे फुटलेला अहवाल माणसाला वाळीत टाकतो. रुग्णाचे गुपित जपणे ही श्रीमंतांची चैन नाही, दुबळ्यांची ढाल आहे. आणि ती ढाल आपण भंगारात काढली आहे.

म्हणून आम्ही स्वच्छ सांगतो: सरकारी रुग्णालयांनी सुरक्षित क्लाउड स्वीकारलाच पाहिजे. माहिती सांकेतिक रूपात ठेवणे, वेळच्या वेळी सुरक्षा-अपडेट टाकणे, कोणी कोणता केसपेपर कधी उघडला याची नोंद राखणे, पुसता न येणारा बॅकअप वेगळ्या ठिकाणी सांभाळणे, हे जिल्हा रुग्णालयाच्या एकट्या संगणकतंत्रज्ञाच्या आवाक्यातले काम नव्हे. पण क्लाउडचे कंत्राट दिले की जबाबदारी संपली, असे मानणारा दुसरा मूर्ख. क्लाउडवाली कंपनी इमारत, यंत्रे आणि वीज राखते. आत कोणाला सोडायचे, हे रुग्णालयानेच ठरवायचे असते. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत चेंज हेल्थकेअर ही बलाढ्य कंपनी कोलमडली आणि कोट्यवधी लोकांची माहिती गेली. चोर शिरला तो दूरस्थ प्रवेशाच्या दारातून, जिथे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणीच लावलेली नव्हती. ओटीपीसारखी साधी गोष्ट! आपल्याकडे तर साऱ्या वॉर्डाचा एकच लॉगिन आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. त्यात डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे एक्स-रे वेगळेच.

कंत्राटांची कथा तर आणखी संतापजनक. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली रुग्णनोंदींची एचएमआयएस यंत्रणा कंत्राटाच्या वादात 2022 मध्ये बंद पडली आणि कारकून पुन्हा वहीकडे वळले. नोंदी रुग्णाच्या, पैसा जनतेचा आणि कंत्राट मोडले की दोघांनीही बघत बसायचे? माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत द्यायची, हे करारात पहिल्या पानावर लिहिलेले नसेल, तर क्लाउड हा नव्या सावकाराचा जुनाच वाडा ठरेल.

कायदा आहे ना? आहे की! आरोग्यमाहितीच्या सुरक्षेसाठी 2018 मध्ये काढलेला ‘दिशा’ कायद्याचा मसुदा मसुदाच राहिला. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हलगर्जीपणाला 250 कोटींपर्यंत दंड आहे. मात्र तो जाणार सरकारी तिजोरीत. भरपाई मागण्याची वाट देणारे आयटी कायद्यातले 43-अ कलमही वगळण्याची तरतूद याच कायद्याने केली. अब्रू जाणार रुग्णाची, पैसे घेणार सरकार! वर सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून सूट देण्याची सोय आहेच. आरोग्याच्या माहितीला 2019 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकाने ‘संवेदनशील’ म्हणून वेगळे स्थान दिले होते, तेही या कायद्यातून गेले.

तेव्हा राज्य सरकारने निविदेच्या घोषणा थांबवून एक प्रात्यक्षिक करून दाखवावे. जे. जे. रुग्णालयाची यंत्रणा ठरवून बंद करावी आणि बॅकअपवरून ओपीडी किती तासांत उभी राहते, ते पत्रकारांसमोर मोजावे. प्रत्येक रुग्णालयात माहितीच्या सुरक्षेसाठी एक अधिकारी नावानिशी जबाबदार असावा. माहिती फुटली तर रुग्णाला कळवण्याचे पत्र त्याच्याच सहीने जावे. यावर ‘समिती नेमली आहे’ असे ठरावीक उत्तर येणार असेल, तर समितीच्या सन्माननीय सदस्यांनी आधी स्वतःचे आणि आपल्या कुटुंबीयांचे सारे वैद्यकीय अहवाल याच यंत्रणेत ठेवावेत आणि मगच पहिल्या बैठकीचा चहा घ्यावा.