मल्लखांबाने दिलेली ओळख

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी माणसाला आपली ओळख फारशी सांगावी लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी कुटुंबे छत्तीसगढात स्थिरावली आणि या जुन्या वस्तीने आपली भाषा व सणवार निष्ठेने जपले. परंतु काही ओळख वारशाने लाभते, तर काही अंगमेहनतीने मिळवावी लागते. या दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे.

मल्लखांब हा आपण अभिमानाने मराठी म्हणून सांगतो तो व्यायामप्रकार. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. छत्तीसगढात मात्र आज त्याचे नाव निघते ते नारायणपूरच्या आदिवासी मुलांमुळे. अबुझमाड मल्लखांब अकादमीच्या या चमूने २०२३ साली ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ ही दूरचित्रवाणीवरील स्पर्धा जिंकली. तोवर अबुझमाड हे नाव बहुधा नक्षलवादी चकमकींच्या बातम्यांतच वाचावयास मिळे. आपल्या गावाच्या नावाला दुसरा अर्थ मिळवून देणे ही त्या वयाच्या मुलांसाठी लहान गोष्ट नव्हे.

खेळाने चारित्र्य घडते, असे आपण सहजपणे म्हणतो. हे विधान सरसकट खरे नाही. केवळ पदकासाठी खेळविलेली मुले वयाचे खोटे दाखले देण्यासही शिकतात. घडण होते ती रोजच्या सरावात, कोणी पाहत नसताना. मल्लखांबात समोर झुंजणारा प्रतिस्पर्धी नसतो. एरंडेल चोळलेल्या लाकडावर अढी पक्की बसली तर शरीर टिकते, नाही तर घसरते. वडिलांचे पद किंवा परीक्षेतील गुण तेथे कामी येत नाहीत. मनोरा रचताना तर खालच्याचा खांदा हलला की वरच्याचा तोल जातो. हे नित्य अनुभवणाऱ्या मुलामुलींना विश्वास या शब्दाचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाही. (बँकेचा सारा व्यवहार याच शब्दावर चालतो, हे ओघाने आले.)

आपल्याकडे मात्र दहावीचे वर्ष उजाडले की सर्वप्रथम मैदान सुटते. चौदा-पंधराव्या वर्षी मूल ‘मी कोण’ हा प्रश्न स्वतःला विचारू लागते आणि नेमके तेव्हाच आपण त्याच्यापुढे गुणपत्रिका हे एकमेव उत्तर ठेवतो. अभ्यासाचे महत्त्व मला अमान्य नाही. पण दिवसातील एक तास खेळाला दिल्याने कोणाचे भवितव्य बुडाले, असे मी तरी पाहिलेले नाही.

तात्यापारा चौक ते शारदा चौक हा रस्ता रुंद करण्याची चर्चा रायपूरकर वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत. मुलांच्या खेळाच्या जागेविषयी तितक्या आग्रहाने बोलताना सहसा कोणी आढळत नाही. मल्लखांबाला तर मोठे मैदानही नको. एक सागवानी खांब, भोवती मऊ माती किंवा गाद्या आणि वाटीभर एरंडेल एवढ्यावर आरंभ करता येतो. शिकविणारा जाणकार हवा, हे खरे. तो नारायणपूरहून बोलावता येईल.